पिकअपची किल्ली हातात ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आभार मानायला लागले की तुम्ही हात झटकून बॉनेट उघडता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. निदान आता तरी तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही.

मी एकोणीस वर्षांचा असताना तुम्ही तुमच्या १९५२ च्या शेव्हरोले पिकअपची किल्ली माझ्या हातात ठेवलीत, आणि किल्ली फिरवूनही काहीच का होत नाही हे मी विचारेपर्यंत शांतपणे खिडकीबाहेर पाहत राहिलात. स्टार्टर पायाने दाबायचा असतो, हे मला त्या दिवशी कळले. त्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरच्या दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हता; चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरवर हलका दाब, पुन्हा क्लच आणि मगच गिअर, एवढा सोपस्कार होता. पहिले कित्येक दिवस गिअरचे दात असे करकरत, की रस्त्यावरची माणसे वळून पाहत. दुसऱ्या कोणी किल्ली काढून घेतली असती. तुम्ही एवढेच म्हणालात, "आधी इंजिनला वर येऊ दे, मग गिअर माग." पावसात चढ चढताना वायपर जवळजवळ थांबायचे, तेव्हा मी घाबरलो होतो. इंजिनमधल्या निर्वातावर चालणारा वायपर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मंदावतोच, म्हणून क्षणभर पाय उचलायचा आणि काच पुसून घ्यायची, हेही तुम्हीच दाखवलेत. हौद्यातल्या लाकडी फळ्या, त्यांच्यामधल्या पोलादी पट्ट्या आणि साखळ्यांवर लोंबणारा, एका बाजूने कायम अडणारा तो फाळका अजून डोळ्यांसमोर आहे.

गाडी कशी पाहावी, हेही तुम्हीच शिकवलेत. सित्रोएनची ती १९४७ ची एच व्हॅन मला पत्र्याच्या शेडसारखी कुरूप वाटली होती. तुम्ही मला तिच्या अंगावरून बोट फिरवायला लावले आणि पत्र्याला पन्हळी दिल्या की पातळ पत्राही ताठ राहतो, असे सांगितलेत. मग मागचे दार उघडून, ओढ पुढच्या चाकांना असल्यामुळे मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट खालून जात नाही आणि म्हणून तळ इतका खाली ठेवता आला, हे दाखवलेत. तेव्हापासून ती मला कुरूप दिसलेली नाही. (आजचे पिकअप दिसायला रुबाबदार आहेत, पण त्यांच्या हौद्याच्या काठापर्यंत माझा हात पोहोचत नाही. माल चढवणाऱ्याचा विचार कोणी केला असेल, असे वाटत नाही.)

परंतु या पत्राचे खरे कारण माझी फोक्सवॅगन बस आहे. पुढची काच दोन भागांत असलेली ती १९६६ ची बस मी घेतली, तेव्हा तुम्ही अभिनंदन करण्याऐवजी मला मागे इंजिनपाशी नेलेत आणि एक पट्टा दाखवलात. या इंजिनला रेडिएटर नाही, पाणी नाही. इंजिन थंड ठेवायला डायनॅमोच्याच दांड्यावर बसवलेला पंखा हवा फेकतो आणि दोन्ही त्या एकाच पट्ट्यावर फिरतात. "चार्जिंगचा लाल दिवा लागला, की बॅटरीचा विचार करू नकोस. जागच्या जागी थांब." हे वाक्य तुम्ही माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलेत, तेव्हा मला थोडा रागच आला होता.

गेल्या महिन्यात, वस्तीपासून दूर, तो दिवा लागला. सोबतचे मित्र म्हणत होते की दिवसाउजेडी बॅटरीवर सहज घरी पोहोचू; मी मात्र तिथल्या तिथे बस कडेला घेतली. पट्टा तुटून तळाशी पडला होता. आणखी काही मैल रेटली असती तर इंजिन जळाले असते. तुम्ही सीटखाली ठेवायला लावलेला जादा पट्टा निघाला, पुलीचे दोन भाग सुटे केले, मधल्या चकत्या कमीजास्त करून ताण जुळवला आणि अंगठ्याने दाबून पट्टा सुमारे १५ मिलिमीटर आत जातो ना, हे पाहिले. पहिल्या खेपेला चकत्या चुकल्या. अर्ध्या तासाचे काम दीड तासात झाले. संध्याकाळी त्याच इंजिनावर घरी आलो.

त्याबद्दल, आणि करकरणाऱ्या गिअरच्या त्या सगळ्या दिवसांबद्दल, मी तुमचा मनापासून आभारी आहे.

पुढच्या रविवारी बस घेऊन येतो. तुमच्या पिकअपच्या फाळक्याची अडणारी बाजू साखळीच्या झिजलेल्या कडीमुळे अडते, अशी मला शंका आहे. तुमच्या खिळ्यांच्या डब्यात तशी जादा कडी असेल तर काढून ठेवावी. बसवण्याचे काम या वेळी मी करीन आणि तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहावे.

आपला नम्र,
गिअर करकरवणारा विद्यार्थी