आई, बाबा, आम्हीच येतोय

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, दोनदा तोंडापर्यंत आलंही, पण तेवढ्यात आई म्हणाली बॅगेचं चाक बदलून आणलं, आणि माझी हिंमतच झाली नाही. म्हणून लिहितेय. बसून वाचा. वाईट काही नाहीये, फक्त आई पहिली पाच मिनिटं चिडणार आहे.

तिकिटं काढलीयेत. चिऊचं आणि माझं, पुढच्या महिन्याच्या २२ तारखेचं. तुम्ही इकडे यायचं नाही, आम्हीच तिकडे येतोय. आणि हा बरोबर नसेल, ह्याला त्या आठवड्यात सुट्टी मिळत नाहीये, परतीच्या वेळी न्यायला येईल. म्हणजे येताना मी आणि चिऊ, दोघीच.

झालं सांगून. आता ऐका.

आई, तू दोन महिन्यांपासून बॅग भरून पलंगाखाली ठेवलीयस हे मला दादाने सांगितलं, त्याच्यावर ओरडू नकोस. मला ते ऐकून काय वाटलं ते लिहिता येत नाहीये. तू नको आहेस असं नाही गं, उलट रोज संध्याकाळी चिऊ रडायला लागली की मला पहिली तूच आठवतेस. पण बाबांना स्टेंट घालून किती दिवस झालेत? डॉक्टर हो म्हणाले मान्य, पण ते प्रवासाला हो म्हणाले, त्यांनी बाबांना सुटकेस उचलताना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. आणि बाबांना मागे ठेवून तू एकटी येणार नाहीस, आलीस तरी तुझा जीव सगळा तिकडेच राहणार. ह्याच्याशी बोलले, दादाशी बोलले, रात्र रात्र विचार केला आणि मग बुक केलं. तुम्हाला न विचारता केलं, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि बाबांचं "बघू" आपल्या घरात सगळ्यांना माहितीये.

चिऊला आठ महिने झालेत, वजन ८ किलो २०० ग्रॅम. विमानात पुढच्या भिंतीला बाळाचा पाळणा लावून देतात, बॅसिनेट म्हणतात त्याला, आमच्या फ्लाइटला ११ किलोपर्यंत चालतो. मी तिकीट काढल्या काढल्या फोन करून तो सांगून ठेवला कारण ते मोजकेच असतात. म्हणजे साडेनऊ तास ती माझ्या मांडीवर नसणार. बरं, खरं सांगायचं तर असणारच, हवा खराब झाली की बाळाला पाळण्यातून काढून पट्ट्याने आपल्याला बांधून घ्यायला लावतात, पण निदान मला जेवता तरी येईल. आईचा पहिला प्रश्न तोच असणार ना, तू जेवशील कधी.

दुधाचं म्हणशील तर, १०० मिलीच्या वर पाणीबिणी नेऊ देत नाहीत ना, तो नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला नाही. प्रवासापुरतं नेता येतं, फक्त सिक्युरिटीला बॅगेतून बाहेर काढून आपणहून दाखवायचं. अंगावरचं चालू आहेच. वरच्या दुधाची पावडर एकेका वेळेची मोजून कोरड्या डब्यांत भरलीये, विमानात कडक गरम पाणी मागायचं, त्यात कालवायचं, निववायचं आणि द्यायचं. करून ठेवलेलं दूध दोन तासांच्या वर ठेवायचं नाही आणि उष्टं राहिलं की ओतून टाकायचं. आई, ओतून टाकायचं म्हणजे ओतूनच टाकायचं, तिकडे आल्यावर तू "अगं एवढं दूध" म्हणून झाकून ठेवणार आहेस ते मला आत्ताच दिसतंय.

आणि कान. बाळांच्या कानातली नळी अरुंद आणि आडवी असते, विमान खाली यायला लागलं की दाब वाढतो आणि नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो, म्हणून ती पोरं कळवळून रडतात. गिळलं की नळी उघडते. त्यामुळे उतरताना पाजायचं, पण चाकं टेकायच्या वेळी नाही, त्याच्या साधारण अर्धा तास आधीपासून, आणि झोपली असेल तर उठवून. झोपलेल्या बाळाला उठवायचं हे वाचून आईने कपाळाला हात लावला असेल.

पाजायला उशीर झाला आणि रडली तर रडली. लोक बघतील. बघू देत.

झोपेचं औषध मात्र मी देणार नाहीये, आई. तू म्हणालीस ना थोडंसं खोकल्याचं सिरप दिलं की शांत झोपेल, आमच्या वेळी देत होतो. माहितीये, आणि आम्ही वाढलो, हेही माहितीये. पण एवढ्या लहान बाळाचा त्याने श्वास मंदावू शकतो, आणि काही पोरं तर झोपायच्या ऐवजी उलट तरतरीत होतात. नको. तुझ्यावर राग नाहीये हं.

पॅकिंगचं सांगते, कारण बाबांना ते आवडेल. बाबा, तुम्ही कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिलेली यादी चिकटवायचात ना, आणि एकेक वस्तू बॅगेत गेली की रेघ मारायचात, ती सवय माझ्यात आलीये. हा हसतो मला. पहिली यादी इतकी मोठी झाली की ती आणायला वेगळी बॅग लागली असती. मग मागच्या रविवारी रंगीत तालीम केली, गाडीने दोन तासांवर जाऊन आलो. चिऊचे तीन जोड घेतले, टोपडी घेतली, दुपटी घेतली, आणि माझ्यासाठी एक साधा टीशर्टसुद्धा नाही. अर्ध्या वाटेत चिऊने पोटातलं सगळं माझ्या अंगावर काढलं, ती स्वच्छ कपड्यांत मजेत, आणि मी टॉवेल गुंडाळून ओल्या कुर्त्यात घरापर्यंत. तेव्हापासून हँडबॅगेत पहिला कपडा माझा.

आता पद्धत अशी केलीये की एका झिपलॉक पिशवीत एक डायपर, थोडे वाइप्स आणि घाण भरायला एक कॅरीबॅग, अशी एकेका वेळेची पुडी. विमानातल्या बाथरूममध्ये आपण उभं राहतो तेवढीच जागा, तिथे मोठी बॅग घेऊन कोण शिरणार, एक पुडी उचलायची आणि जायचं. तासाला एक डायपर आणि वर सहा जास्तीचे. दारापासून दारापर्यंत १५ तास धरलेत, म्हणजे २१. ह्याला वाटतं मी दुकान टाकतेय. टाकू दे, फ्लाइट लेट झाली तर डायपर मागायला मी कोणाकडे जाऊ?

चेकइनच्या बॅगेत फक्त तिकडे पोचल्यावर लागणारं. ती बॅग हरवली तरी एक दिवस निभावलं पाहिजे, ह्या हिशोबाने सगळं वाटलंय. आई, तुझी जुनी मऊ साडी, जी तू बाळंतपणाच्या वेळी पाठवलीस, ती हातातल्या बॅगेत आहे. पाळण्यावर अंधार करायला नाही, दम कोंडतो तसं झाकलं तर, नुसती माझ्या खांद्यावर. तिला त्या वासाची सवय झालीये. मलाही.

औषधांत तापाचं, ओआरएसची पाकिटं आणि थर्मामीटर. तापाचे ड्रॉप्स इकडूनच आणतेय, तुम्ही घेऊन ठेवू नका, कारण ड्रॉप्स आणि सिरप सारखे नसतात. आमच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपमध्ये पाच मिलीत १२०, म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक, चमचा आणि ड्रॉपर बदलला की गोंधळ. डॉक्टरांनी तिच्या वजनावर डोस लिहून दिलाय, तो कागद मी बाटलीलाच रबरबँडने बांधलाय. गोवराची लसही प्रवासासाठी लवकर टोचून घेतली, आम्ही निघेपर्यंत दोन आठवडे पुरे होतात. ही लवकरची धरत नाहीत, नंतर ठरल्या वेळी पुन्हा द्यावी लागेल, पण प्रवासात चालेल.

बाळाचे दोन्ही पालक बरोबर नसले की कुठे कुठे विचारतात, म्हणून ह्याने संमतीचं पत्र सही करून दिलंय, चिऊच्या जन्मदाखल्याची प्रत पण जोडलीये. पासपोर्टच्या फोटोत डोळे उघडे हवे होते, त्याला चाळीस फोटो काढले. शेवटी जो आला त्यात ती हुबेहूब बाबांसारखी दिसते, नोटीस बजावायला आल्यासारखी.

आता तुमची कामं. रागावू नका, पण एवढं करा.

बाबा, विमानतळावर यायचं नाही. दादा येणार आहे आणि मी इकडून कार सीट आणतेय, ती मागच्या सीटवर, चिऊचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे करून बसवायची असते. आई म्हणेल मांडीवर घेईन की. आई, जोरात ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलं तरी हातात राहत नाही गं बाळ. घरी आल्यावर दिवसभर घे, मी मागणारसुद्धा नाही.

दोघांनी डांग्या खोकल्याची लस घ्या, मोठ्यांसाठी असते ती, आम्ही यायच्या निदान दोन आठवडे आधी. बाबांच्या डॉक्टरांना विचारून. बाबांचा खोकला तसला आहे असं मी म्हणत नाहीये, तुम्ही तर किती काळजी घेता. पण लहान बाळांना तो बहुतेक वेळा घरातल्या मोठ्यांकडूनच लागतो, तेव्हा घ्याच.

आई, उशी. दादाने फोटो पाठवला. इतकी सुंदर शिवलीयस, त्यावरची चिमणी तर फारच गोड. पण एक वर्षापर्यंत बाळाच्या अंथरुणात उशी, जाड पांघरूण काही ठेवायचं नसतं, पाठीवर आणि सपाट झोपवायचं. म्हणून ती उशी मी पाजताना कोपराखाली घेणार आहे. खरंच घेणार आहे, तुला बरं वाटावं म्हणून नाही, माझा हात भरून येतो. आणि वर्ष झालं की ती तिचीच. मधाचं बोट पण वर्ष होईपर्यंत नाही, त्याने लहान बाळांना एक वाईट विषबाधा होऊ शकते. तिकडे आल्यावर ह्यावरून आपलं भांडण नको म्हणून आत्ताच लिहून टाकते.

ती रांगते आता. सगळं तोंडात घालते. बाबांच्या गोळ्यांचा तो सात खणांचा डबा टीव्हीखालच्या कप्प्यात असतो, तो वर कपाटात. तिच्या एवढ्याशा अंगाला बीपीची एक गोळीसुद्धा खूप होते. आणि खाली पडलेल्या गोळ्या, त्या मी मागच्या वेळी सोफ्याखाली पाहिल्यात, बाबा, नाही म्हणू नका.

पहिले चार पाच दिवस तिचं घड्याळ उलटं असेल, तासाभराच्या फरकाला साधारण एक दिवस जातो जुळायला, म्हणजे रात्री दोनला उठून खेळायला मागेल. बाबा, तुम्हाला चारनंतर झोप लागत नाहीच. चार ते सहा तुमची ड्युटी. फक्त बसून, उभं राहून फिरवायचं नाही, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

गर्दीत मी हरवू नये म्हणून तुम्ही माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याला तुमचा रुमाल बांधायचात आणि दुसरं टोक मनगटाला. परवा चिऊला कॅरिअरमध्ये छातीशी बांधून आरशात बघितलं, दोन्ही बकलं दोनदोनदा ओढून पाहिली, आणि तो रुमाल आठवला, निळ्या चौकड्यांचा. मग इतकी रडले की चिऊच माझ्याकडे बघायला लागली. असो.

आई, बॅग रिकामी करू नकोस. चिऊ वर्षाची झाली, बाबांचं सगळं ठीक आलं, की आपण ठरवू, आणि मी "बघू" म्हणणार नाही.

पोचल्यावर फोन करेन, मधे करणार नाही, फोन नाही आला म्हणून जागत बसू नका. बसणारच आहात.

तुमची,
ताई (दादापेक्षा लहान असूनही)

ता.क. बाबा, कानाच्या मशीनचे सेल. तुम्ही जुने काढून टेबलावरच्या वाटीत टाकता ना, ते बटणासारखे सेल बाळाने गिळले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून जाळू शकतात, आणि जुना संपलेला सेलही धोक्याचाच. ती वाटी आत्ता उचला. पत्र ठेवा, चष्मा नंतर काढा, आधी वाटी.