ओंकारची गळकी खोली

माल्मो, ६ डिसेंबर

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, कानटोपी घालते. साडेतीनला अंधार पडतो खरा, पण त्याची सवय होते. आई, फोनवर माझा आवाज बसलेला वाटला तो नुसत्या थंडीने.

बाबा, ओंकार रात्रभर गेम खेळत नाही. क्वेक या गेमसाठी ट्रेंचब्रूम नावाच्या एडिटरमध्ये तो लेव्हल, म्हणजे खेळायच्या खोल्यांचा नकाशा, बांधतोय. गेम १९९६ चा असला तरी लेव्हल बांधायला शिकायचं तर मी त्याला हाच सुचवीन. एडिटर फुकट आहे आणि आपल्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. महिनाभर काही जमलं नाही म्हणजे महिना वाया गेला असं धरू नका.

ओंकार, कंपाइल करताना, म्हणजे नकाशाची खेळता येईल अशी लेव्हल करताना, 'लीक' येतं म्हणजे तुझी खोली बंद नाही; बाहेरच्या पोकळीतून आत वाट आहे. मग व्हिसला (कुठून काय दिसतं ते आधीच मोजून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) लागणारी पोर्टल फाइल तयार होत नाही आणि तो चालत नाही. पण नकाशाच्या नावाची पीटीएस फाइल बनते. फाइल मेन्यूतून 'लोड पॉइंट फाइल' कर. रेघ उमटेल, ती भिंतीतून जिथे निसटते तिथे भोक. बहुतेक वेळा एक-दोन युनिटची (युनिट म्हणजे गेममधलं लांबीचं माप) फट निघते, ग्रिड, म्हणजे आखणीच्या चौकटी, १ वर ठेवून भिंत सरकवल्यामुळे. ५ दाबून ग्रिड १६ वर ने आणि सध्या त्याखाली उतरू नकोस.

फट नसेल तर भिंत कशाची आहे ते बघ. ब्रश म्हणजे नकाशाचा भरीव ठोकळा. फंक_वॉल किंवा फंक_डोअर (गेममधली वेगळी वस्तू म्हणून ठेवलेली भिंत किंवा दार) केलेला ब्रश डोळ्यांना घट्ट दिसतो, पण गळती अडवत नाही. पाणीही नाही. आकाशाच्या टेक्श्चरचा (पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राचा) ब्रश अडवतो, म्हणून उघड्या अंगणावरसुद्धा आकाशाचं झाकण लागतं. एखादा राक्षस चुकून भिंतीबाहेर राहिला तरी लीक येतं. वैतागून अख्ख्या लेव्हलभोवती मोठा डबा मात्र बांधू नकोस. लीक जातं, पण भिंतींच्या बाहेरच्या बाजू तशाच राहतात आणि व्हिस त्या पोकळीचाही हिशोब करत बसतो.

तुझ्या दालनातल्या काळोखाचं कारण सोपं आहे. दिव्याच्या प्रखरतेचा आकडा मुळात ३०० असतो आणि साध्या दिव्याचा उजेड साधारण तेवढ्याच युनिटपर्यंत पोचतो. १०२४ लांबीच्या दालनाला एक दिवा कसा पुरेल? खेळाडू ३२ रुंद, ५६ उंच. दार निदान ६४ रुंद ठेव. पायरी १८ पर्यंत चढता येते, तू १६ ची कर. इन्फो_प्लेअर_स्टार्ट, म्हणजे खेळाडू जिथून सुरू करतो ती खूण, जमिनीत रुतला की खेळाडू अडकतो. आणि ब्रशला आत वळलेला कोपरा चालत नाही, काटकोनी बोळ दोन तुकड्यांत बांध.

आई, इथे कपडे धुण्याचं मला अजून नवल वाटतं. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली असते, तिला त्वेत्तस्तूगा म्हणतात. आधी पाळी लावायची, आमच्याकडे तीन तासांची. वेळ संपायच्या आत कपडे बाहेर, ड्रायरच्या जाळीतला लिंट काढायचा, फरशी पुसायची. दहा मिनिटं उशीर झाला तर कोणी तोंडावर बोलत नाही, दारावर चिठ्ठी लागते! मी उशीर करत नाही.

कर्जाचा हप्ता १० तारखेआधी खात्यात येईल. सोबत ओंकारच्या रॅमचे पैसे आहेत. बाबा, ते दुसरीकडे वळवू नका. कराडच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, जूनपर्यंत थांबा एवढंच म्हटलं. मावशीला तसंच सांगा, वाढवून नको.

आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते. व्हिडिओवर ती हसली, पण बघत दुसरीकडेच होती. ओंकार, तू जागा असतोसच, तर तिचा रात्रीचा थेंब तूच घालत जा.

तुमची,
रेवती