दहावीचे वीस गुण आणि प्रयोगशाळेचे कुलूप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस आहेत. गेल्या आठवड्यात माझी नात विज्ञानाची प्रयोगवही घेऊन माझ्याकडे आली. शेवटच्या एका आकृतीला नावे द्यायची राहिली होती, तेवढीच मदत तिला हवी होती. वही पाहून मला फार बरे वाटले. अक्षर सुरेख, पेन्सिलीने काढलेली परीक्षानळी, स्टँड, स्पिरिटचा दिवा, आणि प्रत्येक प्रयोगाखाली साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे सगळे जिथल्या तिथे. मी सहज विचारले, "यातला कुठला प्रयोग करताना तुला मजा आली?" ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबा, केला एकपण नाही. सरांनी फळ्यावर लिहून दिलं. दोन मोबाइलवर दाखवले."

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे प्रयोगशाळा सहायक होतो. शिक्षक नव्हे, सहायक. तास सुरू होण्याआधी टेबलांवर साहित्य मांडायचे, द्रावणे करून बाटल्यांना चिठ्ठ्या डकवायच्या, तास संपला की चंचुपात्रे धुऊन, मोजून कपाटात ठेवायची, हे माझे काम. त्यामुळे नातीचे उत्तर मला जरा जास्तच लागले.

तिच्या वहीत बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग आहे. निरीक्षण तक्त्यात तीन मोजमापे आणि तिन्ही १० सेंमी. मैत्रिणींच्या वह्यांतही तेच. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर एक कडुलिंब होता. मुले भिंग हातात धरून समोरच्या पांढऱ्या कागदावर त्या झाडाची प्रतिमा पाडायची. ती इवलीशी, उलटी, रंगीत प्रतिमा कागदावर उतरली, आणि त्यात पाने हलताना दिसली, की वर्गात जो आवाज व्हायचा तो माझ्या कानात अजून आहे. मग मोजपट्टी लावायची. कुणाचे ९.७ यायचे, कुणाचे १०.२, कुणाचे १०.४. चांगले शिक्षक असले की ते आकडे फळ्यावर ओळीने लिहायचे आणि विचारायचे, भिंग एकच, मग आकडे वेगळे का? कुणी पट्टी तिरकी धरलेली असायची, कुणी प्रतिमा नीट ठळक होण्याआधीच मोजलेले असायचे. मोजमापात चूक येते, ती कुठून येते ते शोधायचे असते आणि पुन्हा मोजायचे असते, हा त्या प्रयोगातला खरा धडा. चाळीस वह्यांत जेव्हा एकसारखे १० सेंमी उतरते, तेव्हा मुले नेमकी उलटी गोष्ट शिकतात. उत्तर आधी ठरलेले असते आणि निरीक्षण त्याला जुळवायचे असते, ही ती गोष्ट.

मला राहवले नाही. पानपट्टीवरून विड्याचा चुना आणला. बरणीभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, सकाळी वरची निवळी सुती रुमालाच्या दोन घड्यांतून गाळली आणि त्यात थोडे पाणी घालून पातळ केली. नातीच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, हातात शहाळ्याची नळी दिली आणि बजावले, की फुंकायचे, ओढायचे मुळीच नाही. निवळी दुधाळ झाली. ती थांबली, कारण पुस्तकातला प्रयोग तिथे संपतो. मी म्हटले, थांबू नकोस. ती फुंकत राहिली. बऱ्याच वेळाने ते दुधाळ पाणी हळूहळू पुन्हा स्वच्छ व्हायला लागले. "आजोबा, हे असं कसं? पुस्तकात तर दुधाळ होते एवढंच दिलंय!"

मग आम्ही बसलो. पहिल्यांदा उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शिअम कार्बोनेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पांढरे दिसते. आणखी कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचे कॅल्शिअम बायकार्बोनेट होते, आणि ते विरघळते. तेच स्वच्छ पाणी मी पातेलीत उकळले आणि काचेच्या पेल्यात ओतले, तर ते पुन्हा किंचित गढूळ दिसले. नात पेल्याकडे पाहत राहिली. मग उठून न्हाणीघरातल्या बंबाकडे गेली आणि आत बोट फिरवून आली. बोटाला पांढरी पूड. "आपल्या बोअरच्या पाण्यात हेच आहे ना?" हा प्रश्न तिला कुणी सांगितला नव्हता. तो कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नसतो. पाच रुपयांचा चुना आणि एक सकाळ, एवढा त्याचा खर्च.

आता गुणांबद्दल. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर असतात आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. हे वीस गुण मुलांच्या हाताला मिळावेत म्हणून ठेवलेले आहेत. मी जवळून पाहिलेल्या परीक्षांत मात्र शेवटी शेवटी एकच गोष्ट बघितली जायची, वही पूर्ण आहे की नाही. माझ्या नोकरीच्या अखेरच्या काही वर्षांत आदल्या वर्षीच्या चांगल्या वह्या कपाटातून काढून मुलांना उतरवायला मीही दिल्या आहेत. ते चूक होते हे तेव्हाही कळत होते. त्याची खंत आजही जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

दोष एकट्या शिक्षकांवर टाकू नये, ही विनंती. वर्गात साठ-पासष्ट मुले, तासिका पस्तीस मिनिटांची. त्यातली दहा मिनिटे मुलांना प्रयोगशाळेत नेऊन बसवण्यात जातात. मतदार याद्यांचे काम शिक्षकांकडे, सर्वेक्षणे शिक्षकांकडे, ऑनलाइन माहिती भरणे शिक्षकांकडे. अशा माणसाने एकट्याने आम्ल पातळ करावे, बारा टेबले मांडावीत, मुलांवर लक्ष ठेवावे आणि भांडीही धुवावीत, हे होणे नाही. मी निवृत्त झालो त्या दिवसापासून माझी जागा रिकामी आहे. प्रयोगशाळेला कुलूप लागले ते कुणाच्या आळसामुळे नाही, कुलूप उघडायला माणूस उरला नाही म्हणून.

सेमी इंग्रजीचा वादही मी ऐकतो. कुणी म्हणते अपवर्तन म्हणा, कुणी म्हणते रिफ्रॅक्शन. माझे मत विचाराल तर मी मराठीच्या बाजूचा आहे. पण पाण्याच्या पेल्यात तिरकी ठेवलेली पेन्सिल मोडल्यासारखी का दिसते, हे ज्या मुलाने स्वतः वाकून पाहिले आहे, त्याला दोन्ही शब्द पेलतात. ज्याने पाहिलेच नाही त्याला दोन्ही पाठच करावे लागतात.

प्रत्येक मुलाने स्वतः प्रयोग करणे आपल्याकडे जमण्यासारखे नाही, असे म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. त्या काही शहरातल्या श्रीमंत शाळा नव्हत्या, खेड्यापाड्यांतल्या साध्या शाळा होत्या. पुढे हा कार्यक्रम जिल्हाभर पोचला. मुले गटाने प्रयोग करत, निरीक्षणे स्वतः लिहीत, आणि लेखी परीक्षेला पुस्तक-वही जवळ ठेवायची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. प्रात्यक्षिक परीक्षाही प्रत्यक्ष प्रयोगाची असे. २००२ मध्ये तिथल्या सरकारने तो कार्यक्रम बंद केला, हे दुःखच. पण तीस वर्षे तो चालला. आपल्याकडे तर मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. टाकाऊ वस्तूंतून प्रयोग कसे करावेत हे या राज्यात कुणाला नव्याने शोधून काढायचे नाही.

येत्या २८ फेब्रुवारीला शाळाशाळांत विज्ञान दिन होईल. पदार्थातून विखुरताना काही प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, या रामन परिणामाचा शोध १९२८ साली त्या तारखेला जाहीर झाला, म्हणून १९८७ पासून आपण तो पाळतो. रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीची निरीक्षणे सूर्यप्रकाश आणि रंगीत गाळण्या (फिल्टर) वापरून, डोळ्यांनी पाहून केली होती. त्या दिवशी मुलांकडून निबंध आणि रांगोळ्या करून घेण्याऐवजी प्रयोगशाळेचे कुलूप काढावे आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक भिंग द्यावे, असे मला मनापासून वाटते. भिंगे कमी पडली तर गटाने पाहू द्यावे, पण पाहू द्यावे.

शिक्षण विभागाकडे माझे मागणे मोठे नाही. प्रयोगशाळा सहायकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. नववी-दहावीला आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका विज्ञानाच्या प्रयोगासाठी राखाव्यात आणि त्यांत दुसरा कुठलाही विषय घुसवू नये. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत वही बाजूला ठेवून मुलाला एक छोटा प्रयोग आयत्या वेळी करायला द्यावा. त्याला ९.७ आले आणि का आले हे सांगता आले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. पहिल्या वर्षी गुण कमी पडतील, पालक ओरडतील. पडू द्यावेत.

जागा भरल्या जाईपर्यंत वाट पाहायला माझ्याकडे फार वर्षे नाहीत. म्हणून आमच्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना या पत्राद्वारे कळवतो, की शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा मी मोकळा असतो. कोणत्याही शाळेने बोलवावे, मानधन नको. आदल्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली तेवढी मिळावी, म्हणजे भांडी धुऊन ठेवता येतील. चुना आणि नळ्या मी घेऊन येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
जि. सातारा