पिल्लूच्या फायलीबद्दल, ताईला

प्रिय ताई,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला आणि म्हटलं फोनवर रडारड होईल, त्यापेक्षा नीट लिहूनच काढते. तुझ्या पिल्लूला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी, याहून जास्त मी सांगत बसत नाही, ते तू माझ्यापेक्षा जास्त वाचलंयस. पण कागदपत्रं आणि माणसं, दोन्हीच्या मागे एकदमच लाग, एक झालं की दुसरं असं करू नको.

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. ऑनलाइन अर्ज भरायचा, मग नाशिकला त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी. आई म्हणते अडीच वर्षाच्या पोराच्या नावाला आत्तापासून शिक्का कशाला, मला तिचं दुखणं कळतं गं, पण हा कागद नसेल तर पुढचं प्रत्येक दार बंद. लहान मुलांना बऱ्याचदा अपंगत्वाचं मुदतीचं सर्टिफिकेट देतात, मोठं झालं की परत तपासतात, तेव्हा आईला सांग की हे काही कायमचं कोरलेलं नाही. सिव्हिलला गेलीसच तर डीईआयसीची पण चौकशी कर, सरकारच्या आरबीएसके या बाल आरोग्य योजनेतलं लहान मुलांचं केंद्र असतं ते, थेरपीचं तिथे विचारायचं. "वाढेल तसं होईल आपोआप" म्हणून ज्यांनी तुमचं वर्ष घालवलं त्यांच्याकडे आता परत जाऊ नको, माझा खूप राग आहे त्यांच्यावर.

सर्टिफिकेट हातात आलं की निरामय. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा दिव्यांगांसाठीचा आरोग्य विमा आहे, सेरेब्रल पाल्सी त्यात बसते, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी मेडिकल करून घ्या वगैरे काही नाही आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचा खर्चही मिळतो, मर्यादेत का होईना. दाजींना सांग प्रत्येक थेरपीची पावती ठेवायची, आणि दरवर्षी रिन्यू करायचं. शाळेचं आत्ता डोक्यात घेऊ नको, फक्त एवढं माहीत असू दे की आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात येतात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, म्हणजे कोणी "आमच्याकडे जमणार नाही" म्हटलं तर मान खाली घालून परत यायचं नाही.

इथे न्यू जर्सीत माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या मुलीला हेच आहे. इथे ३ वर्षांपर्यंत थेरपिस्ट घरी येतात, मी एकदा होते तिथे, ती बाई सरळ किचनच्या फरशीवर बसली आणि घरातल्याच वाट्या घेतल्या, उजवीकडची वाटी मुद्दाम जरा लांब ठेवायची, म्हणजे पोरगी तो हात पुढे करेल. आणि सगळा वेळ ती आईशी बोलत होती, कारण तास संपला की उरलेला दिवस आईच करणार. तुमच्या थेरपिस्टला हेच विचार, घरी काय करू, आणि करून दाखवायला लाव. त्या मैत्रिणीच्या फायलीत पहिल्या पानावर रिपोर्ट नाही, मुलीचा हसरा फोटो आणि तिला काय आवडतं ते लिहिलंय. पिल्लूच्या फायलीला पण तसंच कर, चिवडा आणि घंटागाडीचं गाणं लिही.

आणि माणसं. ताई, हे सगळ्यात महत्त्वाचं. मैत्रीण म्हणते तिला डॉक्टरांपेक्षा आधी यातून गेलेल्या आयांनी जास्त शिकवलं. आपल्या नाशिकातच रजनीताई लिमयांनी स्वतःच्या मुलामुळे प्रबोधिनी ही शाळा उभी केली, १९७७ पासून. ती शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची आहे, पिल्लूला तीच लागेल असं मुळीच नाही, पण तिथल्या पालकांना भेट, कुठला थेरपिस्ट चांगला, कुठल्या खिडकीवर काय लागतं हे त्यांना तोंडपाठ असतं. थेरपीला बाहेर बाकावर बसतेस ना, शेजारच्या आईचा नंबर घे, लाजू नको.

अर्ज भरायला मी व्हिडिओ कॉलवर बसते, माझी रविवार सकाळ म्हणजे तुमची संध्याकाळ. आधार, पत्त्याचा पुरावा, पिल्लूचा फोटो आणि जुने रिपोर्ट स्कॅन करून ठेव. थेरपीच्या पैशाचं मी दाजींशी बोलले आहे, त्यावर वाद नको.

आईला नमस्कार, पिल्लूला खूप पाप्या.

तुझी,
छोटी