मिठागराचं गणित सांगणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

अकरावीच्या चाचणीत मोलॅरिटीच्या, म्हणजे एक लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल ते काढायच्या, पाच गणितांपैकी माझं एकच बरोबर आलं होतं. सूत्र तोंडपाठ, पण चुकतंय कुठे ते कळेना. प्रॅक्टिकल संपल्यावर तुम्ही काचसामान धूत होता आणि मी बेसिनपाशी वही धरून उभी. तुम्ही प्रयोगशाळेचे परिचर, शिकवणं काही तुमचं काम नव्हतं. तरी हात पुसून वही घेतलीत.

"तू शिरोड्याचा मा गो? मगे मिठागर बघलंस काय नाय?"

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. सगळं मीठच धरलं, तर ३५ भागिले ५८.५ (एका मोल मिठाचे ग्रॅम), म्हणजे ०.६ मोलर. मीठ खाली बसायला लागतं ते साधारण साडेपाच मोलरला, हिशेब सोपा व्हावा म्हणून ६ धरलं. मग मिठागरात १००० लिटर पाणी घेतलं, तर किती उरल्यावर मीठ धरेल? मी मांडलं: ०.६ गुणिले १००० बरोबर ६ गुणिले किती? शंभर लिटर!

"मीठ थंयच आसा. गेला ता पाणी," तुम्ही म्हणालात.

लहानपणापासून बघितलेले ते वाफे, आणि सूत्राच्या दोन्ही बाजूंना मिठाचे तेच मोल असतात हे मला त्या दिवशी दिसलं. विरलन, म्हणजे पाणी घालून द्रावण पातळ करणं, तेही हेच, उलट्या दिशेनं.

मग माझी चूक शोधलीत. १२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लापासून ०.६ मोलरचं ५०० मिली द्रावण करायचं होतं. आम्ल २५ मिली, हे मी बरोबर काढलं होतं. पुढे मात्र '५०० मिली पाणी घाला' असं लिहिलं होतं. तुम्ही काही न बोलता स्टँडर्ड फ्लास्क उचललात आणि मानेवरच्या रेषेवर बोट ठेवलंत. परमँगनेटचा तपकिरी डाग पडलेलं ते बोट अजून डोळ्यांसमोर आहे. पाणी वेगळं मोजायचंच नाही, सगळं मिळून या रेषेपर्यंत! आधी थोडं पाणी, त्यात आम्ल, मग रेषेपर्यंत पाणी. आम्लात पाणी कधीच ओतायचं नाही, हेही तुम्ही समासात लिहायला लावलंत.

आता मी स्वतः प्रयोगशाळेत द्रावणं करते. रेष जवळ आली की वाकून डोळा तिच्या पातळीला आणते, शेवटचे थेंब ड्रॉपरनं सोडते. तुम्ही असेच वाकायचात.

त्या दिवशी एसटी चुकेल म्हणून मी वही घेऊन तशीच पळाले. आभार मानायचे राहिले, ते आज मनापासून मानते.

तुमची,
बेसिनपाशी वही घेऊन उभी असलेली शिरोड्याची मुलगी