निलगिरीवरची पांढरी सुगडं : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

आमच्या घरी कुणाला सर्दी झाली की रुमालावर ‘निलगिरी’चे दोन थेंब पडतात. ते झाड मूळ ऑस्ट्रेलियातले, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात उटीकडे लावलेले. डोंगराचे नाव पाहुण्याने पटकावले. त्याच डोंगरावरचे, स्वतःचे तेल असलेले घरचे झुडूप मात्र आपल्याला नावानेही ठाऊक नाही.

शास्त्रात ते गॉल्थेरिया फ्रॅग्रँटिसिमा, ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातले. हिमालयात आहे, खासी टेकड्यांत आहे आणि दक्षिणेत निलगिरी, पळणीवर. शोलाच्या, म्हणजे डोंगरघळीतल्या ठेंगण्या सदाहरित जंगलाच्या, कडेला सापडते. फुले पांढरी, ओळीने खाली लोंबणारी. संक्रांतीची सुगडं उलटी टांगावीत तशी, पण जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी. फळ निळे. पान चुरगळा, थेट गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास! मलमातले मिथाइल सॅलिसिलेट या तेलात जवळजवळ निव्वळ असते. आयुर्वेदिक दुकानात त्याला गंधपुरा म्हणतात, उटीच्या बाजारात विंटरग्रीन. (हे तेल पोटात घ्यायचे नाही, विषारी ठरते. पोरांच्या हाताला लागेल असे ठेवूही नये.)

आता मुद्दा. मद्रास उच्च न्यायालयाने परकी झाडे काढायचे आदेश दिल्यापासून तिथे वॅटल (ऑस्ट्रेलियातूनच आणलेली, बाभळीच्या जातकुळीतली झाडे) हटवायचे बोलले जाते, ते योग्यच आहे. पण वॅटलच्या सावलीत, कडेकडेने हे झुडूपही तग धरून असू शकते. यंत्राला दोन्ही सारखीच. आणि नंतर ‘इतकी झाडे लावली’ हा आकडा सांगताना झुडूप कोण मोजतो?

काम राज्याच्या वनखात्याचे, हे कळते. पण 1986 सालचे निलगिरी जीवावरण राखीव क्षेत्र (बायोस्फिअर रिझर्व्ह) तीन राज्यांत पसरले आहे आणि अशा क्षेत्रांचा कार्यक्रम आपल्या मंत्रालयाचा आहे. म्हणून मागणे आपल्याकडे: यंत्र चालवण्याआधी स्थानिक झुडपांवर खूण करा, रोपवाटिकेत त्यांची रोपे करा आणि अहवालात झाडांच्या खाली त्यांचा वेगळा रकाना ठेवा.

आमचे कास पठार आणि तिथले मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान 2012 साली एकाच जागतिक वारसा यादीत गेले. कासला घोट्याएवढ्या फुलांसाठी पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालता आली. मुकुर्तीच्या बाजूला निदान एक रकाना तरी वाढवा.

कळावे,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, पुणे