ओलं नाक म्हणजे कुत्रा ठणठणीत, हे कोणी सांगितलं?

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतलं कुत्र्यांवरचं प्रश्नोत्तरांचं पान वाचलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. पान दिलंत हे चांगलंच केलं, पण 'नाक ओलं आणि गार असेल तर काळजी नको' हे छापायच्या आधी एखाद्या जनावरांच्या डॉक्टरला विचारलं होतं का?

हेच वाक्य मागच्या पावसाळ्यात आमच्या इथल्या एका पेट शॉपवाल्याने ऐकवलं होतं. मोती भाकरीला तोंड लावत नव्हता, जिना चढता चढता मधेच बसायचा. बायको त्याला घेऊन गेली तर या माणसाने नाकाला बोट लावलं, म्हणाला वहिनी नाक गार आहे, काही झालेलं नाही, आणि टॉनिकची बाटली गळ्यात मारली. संध्याकाळी मी घरी आल्यावर ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, पोटावर बारीक लाल ठिपके, कानाच्या घडीत वाटाण्याएवढ्या फुगलेल्या गोचिडी. तसाच डॉक्टरकडे नेला. ताप 104, प्लेटलेट्स पार तळाला. टिक फिव्हर! गोचीड चावताना एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात सोडते, त्याने प्लेटलेट्स घटतात आणि कातडीखाली रक्त यायला लागतं, ते ठिपके म्हणजे तेच. आणि नाक? तेव्हाही ओलं आणि गारच होतं. महिनाभर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या घातल्या तेव्हा वाचला.

नाक तर झोपून उठल्यावर, उन्हात लोळल्यावर चांगल्या कुत्र्याचंही कोरडं पडतं. ताप बघायचा तर थर्मामीटर शेपटीखाली लावावा लागतो, आणि कुत्र्याचं नॉर्मलच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणून माणसाच्या हिशोबाने हात लावणाऱ्याला तो कायम गरमच वाटतो आणि मग लोक घरातली पेनकिलर देतात. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडन्या जातात. यावर तुमच्या पानात एक ओळ नाही.

चॉकलेटवर मात्र अख्खा परिच्छेद. अहो, आपल्याकडे कुत्र्याच्या ताटलीत रोज चॉकलेट पडतं का? रात्रीची उरलेली आमटी-भाजी पडते, तिच्यात कांदा-लसूण असतो, आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी. द्राक्षं आणि मनुकांनी किडनी निकामी होऊ शकते, हे आमच्या द्राक्षांच्या जिल्ह्यात तरी छापायला हवं होतं.

आणखी एक. 'गावठी कुत्रे म्हणजे निरनिराळ्या जातींची सरमिसळ' हे वाचून फार वाईट वाटलं. आहे उलटं. कुत्रा लांडग्यापासून निघाला त्याला किमान 15 हजार वर्षं झाली, आणि या लॅब्राडोर, पग वगैरे आज दिसतात तशा जाती बहुतेक सगळ्या गेल्या दोनेकशे वर्षांत माणसाने निवडून निवडून पक्क्या केल्या, कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा ब्रिटनचा केनेल क्लबच 1873 चा. गावातला कुत्रा त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या दारात आहे. शहरात थोडी भेसळ झाली असेल, पण मूळ ते नव्हे. मुधोळ हाउंडवर 2005 साली पोस्टाने तिकीट काढलं, तुमच्या पानावर मात्र देशी कुत्र्याचा साधा फोटोसुद्धा नाही, तिन्ही फोटो हस्कीचे.

पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या टाइपात दुरुस्ती छापा. नाकाबद्दलची तरी नक्की छापा, कारण ते पान कापून फ्रिजवर लावणारे लोक आहेत, आमच्या शेजारीच एक आहेत.

आपला,
एक वाचक, सांगली